ओठ मिटल्यावर

सकाळी आठला ध्वनिविज्ञान.
कूलर नुसताच घुरघुरतो, टाकीत पाणी नाही.
ढोमणे मॅडम फळ्यावर लिहितात पॅट, बॅट, मॅट.
ओठ तिन्ही वेळा तसेच मिटतात,
फरक आतला, म्हणतात, घशातला, नाकातला.
मी उतरवून घेते. परीक्षेला हमखास येतं.

दुपारी विशेष शिक्षणाचा सराव.
लॉ कॉलेज चौकातून बस, तोंडाला गच्च स्कार्फ.
जान्हवी उईके, वय नऊ,
माझ्या ओठांकडे बघते
कटलेल्या पतंगाकडे बघावं तशी,
कुठं उतरतो ते हेरत.
मी म्हणते, पाय.
ती लिहिते, माय.
मी पायाला हात लावून दाखवते.
ती हसते, खोडत नाही,
खाली बाय पण लिहून ठेवते,
घ्या, यातलं कोणतं पाहिजे ते.

जे तीन वेगळे म्हणून मी पाठ केले
ते तिला एकच दिसतात,
आणि तिचं काही चुकत नाही.
हे मी पेपरात लिहिलं होतं.
अर्धा मार्क गेला. शेरा: विषयाला सोडून.

चारला सुटी. रस्ता पांढराफटक.
स्कार्फ पुन्हा बांधून मी बसची वाट बघते.
फाटकापाशी तिचे ओठ एकदा मिटून उघडतात.
बाय असेल. नसेलही.
बाय, मी कापडाआडून म्हणते.
ती जागची हलत नाही.
व्हॅनवाला हॉर्नवर हॉर्न देतो, कुणासाठी देतो कोण जाणे.
मग माझ्या लक्षात येतं,
आणि त्या पंचेचाळीस डिग्रीत
मी मानेमागची गाठ शोधू लागते.