इंजिन बंद कर

खुलोच्या रस्त्यावर, चौथ्या वळणानंतर,
जिथं कठडा तुटला होता आणि कुणी बांधत नव्हतं,
तिथं जुमबेर म्हणायचा, "थांब. इंजिन बंद."
गाडी तर तोच चालवायचा, तरी असं म्हणायचा.
मग काचा खाली करून आम्ही गप्प.

पाटी नाही, पायवाट नाही.
बीचच्या झाडांमागे
कुणी सुपात मका पाखडतंय
असा आवाज आला
की तो दार उघडायचा.

एकतीस वर्षं रस्तेखात्यात.
दरडी उपसल्या, मोऱ्या मोकळ्या केल्या.
हा धबधबा मात्र
कुठल्याच कागदावर चढवला नाही त्यानं.
"पाइप टाकला असता मेल्यांनी," म्हणायचा,
"सिमेंटचा."

आता निवा मी चालवते. साठीत शिकले.
तो शेजारी, टोपी गुडघ्यावर,
कानातलं यंत्र खिशात, रुमालात गुंडाळलेलं.
वळणं मोजते. चौथं.
कठडा नवाकोरा, पांढरा.
चुकलं की काय?

इंजिन बंद करते.
तो माझ्या तोंडाकडे बघतो:
येतंय?
मी मान हलवते. येतंय.
खरं तर खालून एक ट्रक चढतोय
आणि मला दुसरं काहीच ऐकू येत नाहीये.

पण तो उतरलाही.
ओल्या नेच्यांतून, काठी न घेता,
मी डावीकडे वळले असते, तो उजवीकडे.
मध्येच थांबतो, हनुवटी वर करतो,
गालावर काहीतरी तोलल्यासारखा.
"गार आलं," म्हणतो.

आणि आहेच तो तिथं.
दोन पुरुष उंच, फार तर.
फांदीच्या खुंटावर पालथा पेला,
काठ उडालेला. आमचाच का? आठवत नाही.

"एक बोट कमी आहे यंदा," जुमबेर मोठ्यानं सांगतो,
हल्ली तो सगळंच मोठ्यानं सांगतो.
"कशावरून?" मी ओरडते.
तो माझा हात धरून
खडकावर चपटा ठेवतो.

खडक थरथरतोय,
चालू ठेवलेल्या गाडीच्या बॉनेटसारखा.

वर रस्त्यावर भोंगा. पुन्हा भोंगा.
निवा आडवी लागलीय वाटतं.
तो बाटली भरतोय, विसळतोय,
पुन्हा भरतोय.
मला ऐकू येतंय.
मी सांगत नाही.