डोळ्यांचा दर
वूच, पोलंड, १९५६

छत्र्यांच्या दुकानाच्या काचेत
हातभर जागा, एक दिवा, एक आकड्याची सुई.
नायलॉनचा मोजा पेल्यावर ताणून बसते मी.
निसटलेल्या टाक्याला आमच्याकडे ‘डोळा’ म्हणतात.
एक गेला की मांडीपर्यंत सगळे जातात,
दुकानदाराने ‘संपलं’ म्हटल्यावर
रांग मोडते तसे.

टाचेला गेलेला मोजा नाचून आलेला असतो.
टायपिस्ट लुत्सिनाचा दर सोमवारी टाचेलाच.
शिकागोच्या मावशीने पार्सलात घातलेली एकच जोडी,
तिच्यात आता मावशीपेक्षा मीच जास्त.

पोटरीला गेलेला: सायकल,
नाहीतर मांजर.

कॉम्रेड सेक्रेटरींची बायको
वर्तमानपत्रात गुंडाळून आणते.
दोन्ही मोजे. दोन्ही गुडघे.
विणीत दगडी फरशीची बारीक धूळ
आणि मेणाचा एक थेंब.
ती काचेतून रस्त्याकडे बघत राहिली.
मी मेण नखाने खरवडलं.
“डोळ्याला किती?”
“सगळ्यांना तोच दर, बाई.”

घरी जाताना माझ्या पायात
आईचे लोकरी मोजे.
त्यांचा डोळा अजून एकही निसटला नाही.

बोचतात मात्र.