बावीस नंबरची पिन

भोसरीच्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
दुधाचं फॅट मोजायचं यंत्र टेबलावर उघडं पडलंय.
पावणेअकरा.
स्क्रीनवर एक अक्षर उमटत नाही,
आणि बझर, ज्याला मी काहीच सांगितलेलं नाही,
थांबून थांबून टिकटिकतोय.
शंकेची पाल म्हणतात ती हीच असावी.

तांबोळीभाईंनी भिंगातून सोल्डर दोनदा बघितलं.
"मॅडम, सांधा सोन्यासारखा आहे. चूक तुमच्या बाजूला."
डबा उचलला, निगडीची बस धरायला गेले.

चिपला पाय अठ्ठेचाळीस, कामं शंभरावर.
म्हणून एकेका पायाच्या नावावर चार-चार कामं मांडलेली.
बावीस नंबर: साधा चालू-बंद,
नाहीतर टायमरचा ठोका,
नाहीतर सिरियलचं बोलणं,
नाहीतर नुसतं गप्प बसणं.
एका वेळी एकच. म्यान एक, तलवार एक.
कोणती, ते ठरवतात आतले तीन बिट.

माझी पाठ दुखतेय. तक्ता पाठ झालाय.
शब्द तोच;
शेजारी कोण येऊन बसतं त्यावर
तो मणका होतो किंवा पाढा,
आणि कुणी फिरवली, की तिसरंच काहीतरी.
मराठीला हे कुठल्या रजिस्टरात लिहावं लागत नाही.
इथं लागतं.

केतकरने बझर बावीसवर जोडला
आणि कुठंही न लिहिता बंगळुरू गाठलं.
मी सिरियल तिथंच नेऊन सोडली.
शेवटी लिहील त्याचं खरं, चिप एवढंच जाणते;
भांडण लावत नाही, तक्रार करत नाही.

म्हणजे दुपारपासून ते बोलतच होतं.
"सुरू झालं." टिक.
"तापमान ठीक." टिकटिक.
मी ऐकत होते आणि
बिघाड म्हणून वहीत नोंदवत होते.

सिरियल तीसवर नेली. बावीस टायमरला परत दिली.
शेजारी ओळ लिहिली:
बावीस बझरची आहे, विचारल्याशिवाय हलवू नये.
खाली नाव, तारीख. केतकरसाठी नाही,
त्याच्यासारखीच उद्या मी गेले तर.

रीसेट.
टिकटिक थांबली. गाळा एवढा मोठा होता?
पडद्यावर पहिली ओळ आली:
"नमुना ठेवा."

या वेळी दूध कुठून आणू.
कपात तळाला चहा उरलाय, तोही कोरा.