ढाल

संघात चारच. पाचवा आला की कुणीतरी सुटतो.
ढाल मी, चोपड्यातून.
पारोळ्याचा केवल उडतो
(गच्चीवरून; खाली रेंज नाही).
नूतन जखमा भरते,
मेडिकलचं शटर ओढून झाल्यावर.
चौथा अदृश्य. गाव सांगत नाही,
बोलतच नाही.

बळ ज्याचं त्याचं. घाव मात्र वाटून घेता येतो:
एकाला शंभर बसणार असेल
तर चौघांना पंचवीस.
भागाकार मला शाळेत असा कुणी शिकवला नव्हता.

काल राक्षसाच्या ऐन तोंडाशी
अमळनेरची लाईट गेली.
नूतन हात वर करून थिजली,
बोटांत अर्धाच हिरवा उजेड.

पळालो असतो तर गुण वाचले असते.
मी ढाल तिच्यापुढे रोवली.
केवल शिव्या देत खाली उतरला.
आणि अदृश्यानं पहिल्यांदाच अंग दाखवलं,
राक्षसानं तिकडे वळावं म्हणून.
साधाच होता दिसायला,
निळा, थोडा बुटका.

सोळा मिनिटं.
शंभराचे पंचवीस, पंचवीस, पंचवीस,
तिच्या वाटचेही आमच्यावर.

मग तिची बोटं हलली
आणि पडद्यावर त्याचे पहिले शब्द उमटले:
ऊनी का व लाईट?