जांभळं औषध

भुरीच्या पाठीवर तळहाताएवढी जागा उघडी पडली
तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.
त्याआधी रोज अंगणातून पिसं झाडत होते
आणि म्हणत होते, ऊन आहे, गळतात.

नऊ कोंबड्या. गिट्टीखदानच्या घरामागे
लिंबाच्या बुंध्यापासून कूलरच्या स्टँडपर्यंत
एवढंच त्यांचं राज्य.
त्यात राणी नाही, जमादारीण आहे:
तांबडी, जाड मानेची, तुरा एका बाजूला कललेला.
दाणे टाकले की ती आधी खात नाही,
आधी बघते, कोण खातंय.
भुरी निघाली की फक्त मान वर करते.
तेवढं पुरतं.
नाही पुरलं तर टोच,
नेमकी कालच्याच जागी.

तीन दिवस भुरी कूलरखालच्या चिखलात बसून होती.
मला वाटलं, गारव्याला बसलीय.

भिंतीवरून उईके म्हणाले,
"काहून पोसता तिले, सिस्टर?
रविवारी कापून टाका. सावजी मसाला मी देतो.
बाकीच्या सुतासारख्या सरळ होतील."
मी हसले. बघू म्हटलं.

संध्याकाळी भुरीला काखेत धरलं.
तिचं काळीज माझ्या बरगडीवर
शिलाई मशीनसारखं धावत होतं.
कापसाच्या बोळ्याने जांभळं औषध लावलं.
लाल दिसलं की कोंबडी टोचतेच,
जिचं काही वैर नाही तीही.
म्हणून आधी लाल झाकायचं.
जखम भरते नंतर, सावकाश.

जमादारणीला रात्री उचललं.
अंधारात कोंबडीला हिंमत नसते,
उशीसारखी हातात येते.
संत्र्याच्या पेटीत ठेवली, वर वीट,
पेटी न्हाणीच्या मागे, जिथून कुणीच दिसत नाही.
चार दिवस. पाणी, ज्वारी, कोबीचं पान.
नवतपा चालू होता.
भर दुपारी पेटीवर ओलं पोतं टाकायला गेले की
फळ्यांच्या फटीतून ती बघायची.
कोंबडी एका वेळी एकाच डोळ्याने बघते.

त्या डोळ्यासमोर उकिडवी बसले असताना
मला कुसुम टेकाम आठवली.
त्र्याऐंशी साल, नर्सिंग होस्टेल.
अहेरीकडची पोर, हळू बोलणारी,
पायातल्या चपला एका मापाने मोठ्या.
मी तिला कधी बोट लावलं नाही.
बेडपॅन तिला. रात्रपाळी तिला.
चहा आला की आम्ही पाच जणी,
आणि ती दारात आली की
मी फक्त मान वर करायचे.

जूनमध्ये तिची खाट रिकामी, गादी गुंडाळलेली.
मेट्रन म्हणाल्या, घरची आठवण आली असेल.
आम्ही म्हटलं, हो.

पाचव्या दिवशी पेटी उघडली.
जमादारीण बाहेर आली ती पाहुण्यासारखी.
तिच्या जागी आता काबरी उभी होती,
वर्षभर जिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती.
काबरीने टोचलं. जमादारीण मागे सरली.
बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

मग भुरीने,
जांभळी पाठ घेऊन,
सगळ्यात लहान तलंगीच्या डोक्यात एक टोच मारली.
जोरात नाही. एकदाच.
करून बघितल्यासारखी.

आता तीन वाट्या ठेवते.
एक लिंबाखाली, एक कूलरपाशी, एक पायरीवर.
एका चोचीला तीन वाट्या राखता येत नाहीत.
मिटलंय असं नाही म्हणणार,
पण खाऊन होतं सगळ्यांचं.
बाटली खिडकीतच असते, बूच सैल करून.

बोटांवरचा डाग चार अंघोळींनी जातो.
तो पाहून उईके भिंतीवरून म्हणाले,
"काय सिस्टर, मत देऊन आल्या का?"
हो म्हटलं.
"कोणाले?" ते विचारत होते,
तोवर मी वाट्या घेऊन मागे निघाले होते.