कपाटामागची भिंत

पोतनीसकाकांकडे या घराची किल्ली आहे.
माझ्याकडे असते ती तिची नक्कल,
मँचेस्टर रोडच्या मोच्याने कापलेली.
कुलपात जरा उचलून धरावी लागते,
मग फिरते.

करार नाही केला.
"आपल्या आपल्यात कागद कशाला?"
मंडळाच्या कोजागिरीला म्हणाले होते,
मसाला दुधाचा कागदी पेला हातात धरून.
डिपॉझिट तेवढं परक्यासारखं मोजून घेतलं.
स्विंडनात त्यांची अशी पाच घरं,
पाचही दारं हिरवी.
रंगाचे डबे घाऊक मिळाले म्हणे.

ओल आली नोव्हेंबरात.
आधी कपाटामागे, तिळाएवढी,
मग ज्वारीएवढी,
मग मी मोजायचं सोडलं.
निनादचा खोकला मला ऐकू येत नसे.
रात्री मी केअर होममध्ये
दुसऱ्यांच्या आईवडिलांची कूस बदलत असे.
सकाळी जासिंता सांगायची,
शेजारच्या खोलीतली, मडगावची:
"पोर झोपलं नाय गो."

फोन केला. "करू," म्हणाले.
जानेवारीत म्हणाले, "करू की."
मार्चमध्ये आले, बुटांसकट,
भिंतीवरून बोट फिरवलं, हुंगलं,
आणि डॉक्टरसारखे म्हणाले,
"भात उघडा शिजवता. कपडे आत वाळत घालता.
शिवाय माणूस श्वास सोडतो, त्याचं पाणी होतं.
खिडकी उघडत जा."
खिडकी त्यांच्याच रंगाने
चौकटीला चिकटून बसली होती.

त्या दिवशी ड्यूटीवरून येऊन
मी पलंगावर पडले
आणि श्वास बेताने सोडून पाहिला.
हसू नका. खरंच पाहिला.

भाडेकरू.
या शब्दातलं भाडं माझं.
करू त्यांचं.

जासिंताने कौन्सिलचा नंबर दिला.
मी फोटो पाठवले, वर लिहिलं:
तक्रार नाही, विनंती आहे.
पंधरा दिवसांत काकांचा फोन,
आवाज तुपात घोळलेला:
"घर विकावं म्हणतोय. जूनअखेर बघा कुठे जमतंय का.
राग नाही हं माझ्या मनात."
मी म्हणाले, "नाही काका, राग कसला."
हे मी का म्हणाले,
याचा विचार अजून अधूनमधून
भांडी घासताना करते.

शनिवारी रंगारी आला.
ज्या भिंतीला सात महिने मुहूर्त सापडला नाही
ती दुपारच्या जेवणाआधी पांढरी झाली.
रविवारपासून माणसं घर बघायला येतात.
विकायचंय, तरी सगळे भाडंच विचारतात.
मी निनादचे कपडे खाटेखाली ढकलते,
माझ्याच खोलीत
पाहुण्यासारखी कडेला उभी राहते.

आज एक जोडपं आलंय.
मुलगी बोलण्यावरून लातूरकडची,
पोटावर हात, सातवा असेल.
काका त्याला बॉयलर दाखवताहेत.
ती माझ्याजवळ सरकते, हळूच विचारते,
"ताई, ओल येते का हो?"

मला मिळालेल्या नव्या खोलीचा एजंट म्हणतो,
जुन्या मालकाचं पत्र आणा:
भाडं वेळेवर देते, त्रास नाही.
पत्र तयार आहे.
काकांच्या कोटाच्या आतल्या खिशातून
त्याचं टोक दिसतंय.
सही राहिलीय.

बॉयलरचं झाकण बंद होतं.
काका वळतात, माझ्याकडे बघून हसतात:
"यांनाच विचारा. दोन वर्षं राहिल्या,
अगदी घरच्यासारख्या."

ताज्या रंगाचा वास अजून बसलेला नाही.
मी तिच्या पोटाकडे बघते, मग खिशाकडे.
"चांगलं आहे घर," मी म्हणते.

आणि दारापर्यंत सोडायला जाताना,
जसं कुणी जाता जाता
मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगतं तसं,
"कपाट मात्र
भिंतीला टेकवू नकोस.
हातभर पुढे ठेव.
आणि मधूनमधून
मागे बघत जा."