कोरड्या पुलावर

शनिवारी पुलाच्या कठड्याशी मी चादर अंथरतो
तेव्हा तिबिलीसीची निम्मी दुकानं झोपलेली असतात.
डावीकडे ओमारची पदकं, उजवीकडे कुणाचे तरी काटेचमचे,
मध्ये माझे कॅमेरे:
झेनिट तीन, आणि एक कियेव,
ज्याचा पडदा एका सेकंदाला दीड सेकंद घेतो,
जिना चढताना मी थांबतो तसा.
भिंगं झाकणाविना, आभाळाकडे तोंड करून.

गिऱ्हाईक हल्ली शहाणं झालंय.
खिशातून टॉर्च काढतं, भिंगामागून उजेड मारतं,
बुरशी शोधतं, पात्यांवरचं तेल शोधतं,
नंबरचे पहिले दोन आकडे वाचून
मलाच सांगतं मालाचं जन्मसाल.
बघा, म्हणतो, सोयरीक ठरवताना बघतात तसं बघा,
एकदा घेतलं की परत नाही.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात हे हेलिओस
एका कॅन रॉकेलला दिलं असतं,
आणि कॅनवाल्यानं उपकार केल्यासारखं ते उचललं असतं.
आता दीडशे लारी.
पोरं एक कडं घालून ते आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्याला लावतात
आणि मागची झाडं गरगरतात म्हणून खूश होतात.
आम्ही त्या गरगरीला दोष म्हणायचो.
आरसेवाले जाडजूड डिजिटल मात्र,
भाच्यानं ज्यासाठी कर्ज काढलं होतं ते,
खोक्यात पडून आहेत. कुणी हात लावत नाही.

आज नुत्सा नावाची मुलगी आली. नखं हिरवी.
सगळं ओलांडून तिनं खोक्याच्या तळातून काढला
चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, चार मेगापिक्सेलचा.
मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, पोरी, ह्यात फोटो वाईट येतात.
म्हणाली, म्हणूनच.
फोनमध्ये सगळं फार स्पष्ट दिसतं हो, आजोबा.

चाळीस वर्षं मी दाण्यांशी भांडलो,
अंधाऱ्या न्हाणीघरात बोटं पिवळी केली
एक पापणी नीट यावी म्हणून.
आणि हिला स्पष्ट नको.

दोन पेन्सिल सेल घातले. कुरकुरत भिंग बाहेर आलं.
तिनं पहिला फोटो माझाच काढला, न विचारता,
पडदा माझ्यापुढे धरला: चेहरा पिठात बुडवल्यासारखा,
मागे ओमारची पदकं, नुसते ठिपके,
आणि कोपऱ्यात नारिंगी आकडे,
०१.०१.२००४.

त्या दिवशी घरी आदल्या रात्रीची सात्सिवी उरली होती.
अक्रोडाचा रस्सा थंडच चांगला, म्हणत
लामारानं तो गरम करू दिला नव्हता.
वीज तीनदा गेली. ती हसली होती, कशावर ते आठवत नाही.
फोटोतली मिशी मात्र आजचीच, पांढरी.

तारीख चुकलीय, नुत्सा म्हणाली. बदलू कशी?
म्हटलं, राहू दे.

मग तिनं दहा लारी कमी करा म्हटलं
आणि मी केले. एरवी करत नाही.
सेलचे मात्र घेतले.